विमानातली सीट ट्रॅकवर कशी बसते आणि कशी सरकते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीतले मशिन शॉपवाले, तसंच सांगली, कराड आणि साखराळ्याचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी या विषयावर वरचेवर जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आकडे प्रवासी विमानांच्या नियमांतले आहेत. उदाहरणादाखल केलेला हिशोब तिथे तसा सांगितला आहे.

विमानात सीट बोल्टने जमिनीला का ठोकत नाहीत? एसटीत तर तसंच करतात.

एसटीतली सीट एकदा बसली की गाडी मोडीत जाईपर्यंत तिथेच राहते. विमानाचं तसं नसतं. विमान कंपनी आज दोन रांगांत ३२ इंच अंतर ठेवते, दोन वर्षांनी ३० करते. विमान दुसऱ्या कंपनीकडे गेलं की सगळी मांडणीच बदलते. प्रत्येक वेळी जमिनीत नवी भोकं पाडली, तर जमिनीखालच्या बीमची चाळण होईल.

म्हणून केबिनच्या लांबीत ॲल्युमिनियमचे ट्रॅक आधीच बसवलेले असतात, आणि ते विमानाच्या सांगाड्याचाच भाग असतात. ट्रॅकला वरून पाहिलं तर एक लांब फट दिसते, आणि त्या फटीवर दर १ इंचाला, म्हणजे २५.४ मिमीला, एक गोल भोक. भोक सुमारे २० मिमी व्यासाचं, मधली फट सुमारे ११ मिमीची. फटीच्या दोन्ही बाजूंना जी कड आत झुकलेली असते, तिला आपण ओठ म्हणू. सीट जमिनीला धरून ठेवते ती या दोन ओठांच्या जोरावर.

‘ॲडजस्टेबल’ म्हणजे प्रवाशाने सरकवायची का?

नाही. मोटारीच्या सीटशी इथे गल्लत होते. प्रवाशाच्या सीटची पाठ मागे झुकते, पण बूड हलत नाही. इथे ॲडजस्टेबल म्हणजे देखभाल करणाऱ्या माणसाला ठरावीक हत्यारांनी, मंजूर नकाशाप्रमाणे, १-१ इंचाच्या टप्प्याने रांग पुढेमागे नेता येणं. शिवाय सीटचे पाय आडव्या दिशेने वेगवेगळ्या जागी लावता येणं. बसल्या बसल्या सरकवायच्या सिटा म्हणजे पायलटच्या. त्यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

सीट ट्रॅकमध्ये नेमकी अडकते कशी?

पायाखालच्या फिटिंगला छत्रीसारखे छोटे स्टड असतात. डोकं २० मिमीच्या भोकातून जेमतेम जाईल एवढं, मान ११ मिमीच्या फटीत सरकेल एवढी. सीट उचलायची, सगळे स्टड एकाच वेळी भोकांत सोडायचे आणि सीट अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, पुढे किंवा मागे ढकलायची. आता प्रत्येक स्टडचं डोकं दोन भोकांच्या मधोमध, ओठांखाली आलं. सीट वर उचलता येत नाही.

पण ती अजून सरकू शकते, आणि अर्धा इंच परत सरकली तर सरळ सुटून हातात येईल. म्हणून फिटिंगमध्ये प्लंजर असतो. तो मोकळ्या झालेल्या भोकात वरून खाली उतरतो आणि सरकणं बंद करतो. स्टड उचल अडवतो, प्लंजर सरक अडवतो. ही दोन कामं डोक्यात वेगळी ठेवली की पुढचं सगळं डिझाइन सोपं जातं.

शेवटी प्लंजरचा किंवा स्टडचा स्क्रू ठरलेल्या टॉर्कला आवळायचा. टॉर्कचा आकडा त्या सीटच्या देखभाल पुस्तकात दिलेला असतो, तोच घ्यायचा. ‘हाताला घट्ट लागलं’ हा टॉर्क नव्हे.

पुढच्या आणि मागच्या पायातलं अंतर किती ठेवायचं?

इंचाच्या पूर्ण पटीत. दुसरा पर्याय नाही, कारण सगळे स्टड एकाच क्षणी भोकांत उतरायला हवेत. १७ इंच ठेवलं तर ते ४३१.८ मिमी झालं.

नव्या डिझायनरची चूक बहुतेक इथेच होते. मेट्रिकची सवय असते, म्हणून १ इंच म्हणजे २५ मिमी धरून मांडणी केली जाते. १७ टप्प्यांत ती चूक ०.४ गुणिले १७, म्हणजे ६.८ मिमी होते. कॅडमध्ये सीट सुबक दिसते, पण ट्रॅकवर पुढचा स्टड भोकात उतरतच नाही. ड्रॉइंगवर २५.४०० लिहा आणि सगळी मापं एकाच डेटमपासून, म्हणजे एकाच ठरलेल्या आधारापासून द्या. एका भोकापासून पुढच्या भोकाचं, तिथून त्याच्या पुढच्याचं अशी साखळी लावली की टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी बारीक चूक, साठत जातो.

पुढचा पाय आणि मागचा पाय एकसारखेच बनवले तर? मशिनचं सेटिंग एकच लागेल.

सेटिंग वाचेल, पण वजन वाढेल किंवा ताकद कमी पडेल. विमान पुढे आपटलं की माणसाचं वजन सीटला पुढे लोटतं. सीट पुढच्या पायावर वळायला बघते. पुढचा पाय जमिनीत दाबला जातो आणि मागचा उपटला जातो. म्हणून उचल अडवणारे दोन किंवा जास्त स्टड आणि प्लंजर बहुधा मागच्या फिटिंगमध्ये असतात, आणि पुढच्या पायाला बऱ्याचदा एकच स्टड पुरतो.

मागच्या पायावर जोर किती येतो? अंदाज तरी सांगा.

उदाहरण घेऊ. तीन जणांची सीट. प्रत्येक माणूस ७७ किलोचा, नियमात हाच आकडा आहे, १७० पौंड. सीटचं वजन ३० किलो धरू. एकूण २६१ किलो. या सगळ्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मिमी वर आणि पायांतलं अंतर ४५० मिमी धरू.

पुढच्या दिशेने ९ जी, म्हणजे वजनाच्या नऊपट जोर, लागले तर २६१ गुणिले ९, म्हणजे २,३४९ किलोचा आडवा जोर. तो ६५० मिमी वर लागतो, म्हणून मागच्या दोन पायांना मिळून २,३४९ गुणिले ६५० भागिले ४५०, म्हणजे सुमारे ३,३९० किलोची उचल. दोन्ही पायांत सारखी वाटली तर एकेकाला १,७०० च्या आसपास. सीट जिथे जमिनीला जोडली जाते त्या जोडासाठी नियमात १.३३ चा गुणक आहे. तो लावला की प्रत्येकी २,२५० किलोपेक्षा जास्त. एका फिटिंगमधल्या स्टडच्या बोटाएवढ्या मानांनी आणि ट्रॅकच्या काही मिलिमीटर जाड ओठांनी एवढी ओढ सोसायची.

आता ‘सारखी वाटली तर’ हे कागदावरच राहतं, कारण तीन माणसं आणि दोन पाय यांची बेरीज सहसा मधोमध पडत नाही. भिंतीकडच्या टोकापासून मोजू. सीट १.५ मीटर रुंद, भाराचा मध्य ७५० मिमीवर, पाय ३५० आणि ९५० मिमीवर. वाटेकडच्या पायावर ६७ टक्के भार येतो. हेच दोन्ही पाय ५० मिमी भिंतीकडे सरकवून ३०० आणि ९०० वर लावले तर तो ७५ टक्के होतो. मग गुणकासह एका मागच्या पायाची उचल ३,३८० किलोच्या घरात गेली. पायांची जागा ५० मिमीने बदलणं ही मांडणीतली किरकोळ गोष्ट नाही. प्रत्येक जागेचा हिशोब वेगळा करावा लागतो.

९ जी आणि १६ जी म्हणजे काय? आपल्या सीटला कुठलं लागेल?

९ जी हा स्थिर जोराचा नियम आहे. सीट हळूहळू ओढायची, तुटता कामा नये. पुढे ९ जी, वर ३, खाली ६, मागे १.५ आणि सीट व तिच्या जोडासाठी बाजूला ४.

१६ जी म्हणजे धडकेची चाचणी. रुळांवरच्या गाड्यावर सीट लावतात, पुतळा बसवतात आणि झटका देतात. दोन चाचण्या असतात. पहिलीत झटका बराचसा खालून येतो, विमानाचा अक्ष ३० अंश खाली झुकलेला, किमान १४ जी, वेगातला बदल सेकंदाला ३५ फूट. दुसरीत झटका पुढून, १० अंश तिरका, किमान १६ जी, वेगातला बदल सेकंदाला ४४ फूट, आणि शिखर ०.०९ सेकंदाच्या आत गाठायचं. हे नियम १९८८ साली एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, आणले. २७ ऑक्टोबर २००९ पासून बनलेल्या प्रवासी विमानांत तिथल्या विमान कंपन्यांना १६ जीच्या सिटा बंधनकारक झाल्या.

सीट न सुटणं एवढ्यावर भागत नाही. पुतळ्याच्या डोक्याच्या इजेचा निर्देशांक १,००० च्या आत, कण्यावरचा दाब १,५०० पौंडांच्या आत, मांडीच्या हाडावरचा २,२५० पौंडांच्या आत हवा. दणकट म्हणून ताठ सीट बनवली की ती ट्रॅकला घट्ट राहते, पण कणा मोडते. सीट थोडी वाकली पाहिजे. ठरवून दिलेल्या जागी वाकली पाहिजे, आणि वाकल्यावरही माणसाला बाहेर पडायची वाट राहिली पाहिजे.

चाचणीआधी जमीन वाकवतात म्हणे. हे कशासाठी?

हा भाग नीट समजून घ्या, कारण चाचणीत अनेक चांगली दिसणारी फिटिंग इथेच नापास होतात.

विमान आपटतं तेव्हा केबिनची जमीन सपाट राहत नाही. शेजारशेजारचे दोन ट्रॅक वेगवेगळ्या बाजूंना वळतात. म्हणून १६ जीच्या चाचणीआधी सीटचा एक ट्रॅक १० अंशांनी पुढेमागे झुकवतात आणि दुसरा १० अंशांनी स्वतःभोवती पिळतात. सीट या अवस्थेत असतानाच झटका देतात.

१० अंश ऐकायला कमी वाटतात, म्हणून मिलिमीटरमध्ये बघू. ४३२ मिमी अंतराच्या पायांखालचा ट्रॅक १० अंश झुकला की एक पाय दुसऱ्यापेक्षा ७५ मिमी खालीवर होतो. आणि ३०० मिमी उंच पायाखालचा ट्रॅक १० अंश पिळला, तर पाय ताठ असल्यास त्याचं वरचं टोक ५३ मिमी बाजूला जाऊ बघतं. वर, बुडाखाली, पायांना जोडणाऱ्या आडव्या नळ्या आहेत, त्या जाऊ देत नाहीत. मग तो सगळा पिळ जातो कुठे? सर्वांत अशक्त जागी, म्हणजे स्टडच्या मानेत. झटका यायच्या आधीच मानेला वाक बसलेला असतो. वरून १६ जीची ओढ आली की मान तुटते, नाहीतर स्टडचं डोकं एका बाजूने ओठ उचकटतं आणि ट्रॅक उघडतो.

यावर उपाय मान जाड करणं हा नाही. मान जाड केली तर फटीत जाणार नाही, आणि ट्रॅकचं माप तुमच्या हातात नाही. पिळाला दुसरीकडे वाट करून द्यायची. त्यासाठी प्रामुख्याने तीन मार्ग वापरले जातात.

एक, फिटिंग आणि पाय यांच्यात गोलाकार बेअरिंग किंवा मोकळा पिन-जोड. स्टड ट्रॅकबरोबर वळतो, पाय सरळ राहतो. हा मार्ग खात्रीचा आहे, पण महाग. आणि जोडात खेळ जास्त ठेवला तर रोजच्या उड्डाणात खडखड होते.

दोन, पाय आडव्या दिशेने बारीक ठेवणं. पुढेमागे तो रुंद आणि ताकदवान, बाजूने पातळ पट्टीसारखा. पिळ आला की पट्टी वाकते आणि स्टडला मोकळीक मिळते. वजनही वाचतं. मात्र बाजूचे ४ जी सोसायचे असतात हे विसरून पट्टी फार पातळ करू नका.

तीन, नळ्या आणि पाय यांचा जोड असा ठेवायचा की नळी पायात थोडी फिरू शकेल. यासाठी क्लॅम्पच्या आत नळीला स्लीव्ह लागते, नाहीतर नळी तिथेच चेपते.

आमचं मत विचाराल तर नवख्या डिझायनरने दुसऱ्या मार्गाने सुरुवात करावी. त्यात हलणारे भाग कमी, म्हणून बिघडणारेही कमी.

पाय आडवे का सरकवावे लागतात?

विमानाचं धड नाकाकडे आणि शेपटीकडे निमुळतं होतं. ट्रॅक जिथे आहेत तिथेच असतात, पण भिंत आत येते. तीच तीन जणांची सीट मधल्या भागात बसवली तर पाय एका जागी लागतात, शेवटच्या रांगांत दुसऱ्या. म्हणून पाय सीटच्या आडव्या नळ्यांवर वेगवेगळ्या जागी लावण्याची सोय करतात.

नळीवर कुठेही सरकणारा क्लॅम्प डिझायनरला मोहात पाडतो, कारण एकाच भागात सगळं होतं. पण तो फक्त घर्षणावर धरतो, आणि झटक्याला घर्षणाचा भरवसा नसतो. नळीवर ठरावीक जागा आखाव्यात, त्या प्रत्येक जागी पिन किंवा बोल्ट आरपार जावा आणि भोकाभोवती आतून स्लीव्ह असावी. चार ठरलेल्या जागा म्हणजे चार हिशोब. मोकळ्या सरकत्या क्लॅम्पचे हिशोब किती करणार?

रांग एक इंच पुढे नेली, तर आणखी काय काय बदलतं?

सीटसोबत निम्मी केबिन हलते. डोक्यावरचं ऑक्सिजन मास्क आणि दिव्यांचं पॅनल रांगेशी जुळायला लागतं. सीटमध्ये स्क्रीन असेल तर ट्रॅकच्या बाजूने गेलेली वायर पुरायला हवी, आणि उरलेली वायर पायाखाली लोंबता कामा नये. आपत्कालीन दाराशेजारची मोकळी वाट कमी होत नाही ना ते पाहायचं. मधली वाटही. वीस किंवा जास्त प्रवाशांच्या विमानात ती जमिनीपासून २५ इंचांपर्यंत किमान १५ इंच आणि त्याच्या वर किमान २० इंच रुंद लागते.

आणखी एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही, ती डोक्याची. पुढच्या सीटच्या पाठीवर मागच्याचं डोकं कुठे आणि किती वेगाने आदळतं, ते दोन रांगांतल्या अंतरावर ठरतं. ३२ इंचांवर डोकं टेबलाच्या वर आदळत असेल, तर ३० वर ते टेबल अडकवणाऱ्या खटक्यावर आदळू शकतं. म्हणून सीटची मंजुरी ठरावीक अंतरांच्या मर्यादेत असते. ट्रॅक १ इंचाने सरकवू देतो म्हणून मंजुरीही देतो असं नाही.

मटेरियल कुठलं?

ट्रॅकला बहुधा ७०७५ जातीचं ॲल्युमिनियम, एक्स्ट्रूड केलेलं. स्वयंपाकघर, शौचालय, दरवाजा अशा ओल्या जागी टायटॅनियमचे ट्रॅकही वापरतात. फिटिंगच्या धडाला ७०७५ किंवा ७०५०, आणि टेम्पर, म्हणजे उष्णता देऊन आणलेली धातूची अवस्था, टी७३५१ किंवा टी७४५१ सारखा. टी६ ची ताकद जास्त दिसते म्हणून त्याला भुलू नका. ताण आणि ओल एकत्र आले की टी६ ला जाड भागात तडे जातात. स्टड आणि प्लंजरला १७-४ पीएच किंवा १५-५ पीएच जातीचं स्टेनलेस स्टील.

बाजारात ‘७०७५’ म्हणून मिळालेला बार कागदाशिवाय घेऊ नका. हीट नंबर (धातूच्या घाण्याचा क्रमांक), मिल सर्टिफिकेट आणि प्रत्येक तुकड्याचा मागोवा लागतो. कापल्यावर उरलेल्या तुकड्यावरही नंबर मारा.

कोल्हापूरच्या फाउंड्रीतून फिटिंग ओतून घेतलं तर स्वस्त पडेल ना?

पडेल. पण सुरुवातीला नको. ओतकामाला नियमांत वेगळा कास्टिंग गुणक आणि जास्त तपासणी लागते. आतली पोकळी स्टडच्या बुंध्याशी आली तर वरून दिसत नाही. बारमधून किंवा प्लेटमधून मशिनिंग करा. आपल्या भागात व्हीएमसीची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशिनची, कमतरता नाही.

व्हीएमसीवर फिटिंग करताना काय बिघडतं?

स्टडची मान आणि डोकं यांच्यातला कोपरा. ड्रॉइंगवर तिथे रेडियस दिलेला असतो. टूल झिजलं किंवा ऑपरेटरने दुसरा इन्सर्ट लावला की रेडियस लहान होतो, आणि नेमक्या त्या धारेत ताण साठतो. नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही. पहिल्या जॉबचा आणि दर ठरलेल्या संख्येनंतरचा कोपरा प्रोफाइल प्रोजेक्टरवर टाकून बघा. बोटाने चाचपलं आणि ‘गुळगुळीत आहे’ म्हणून सोडलं, असं करू नका.

डोक्याखालची सपाट बाजू मानेशी काटकोनात हवी. ती तिरकी असेल तर डोकं एकाच ओठावर टेकतं आणि सगळा जोर अर्ध्या जागेवर येतो. स्टड आणि प्लंजर यांच्यातलं १२.७ मिमी अंतर दर जॉबला मोजा. हे अंतर चुकलं तर प्लंजर भोकाच्या काठावर टेकतो, खाली उतरत नाही, आणि बसवणाऱ्याला तो उतरल्यासारखा वाटतो.

बर काढून टाकताना ओठाशी लागणाऱ्या कडेला चेंफर द्यायचा की नाही, ते ड्रॉइंगच ठरवतं. हेल्परने फाइल मारून कड ‘छान’ केली तर बेअरिंगची जागा कमी होते.

तपासायला ट्रॅकचा अर्धा मीटर तुकडा गेज म्हणून जवळ ठेवा आणि प्रत्येक फिटिंग त्यात घालून, सरकवून, लॉक करून पाहा. मोजमाप सगळं बरोबर असूनही फिटिंग बसत नाही असं होतं, ते इथे कळतं.

लॉक बसलं की नाही, हे ओळखायचं कसं?

तुमच्या डिझाइनने ते ओरडून सांगायला हवं. रात्री दोन वाजता, हँगरमध्ये, गुडघ्यावर बसून, टॉर्च तोंडात धरून एक माणूस शंभर फिटिंग लॉक करतोय असं समजा. प्लंजर पूर्ण उतरला तरच त्याचा माथा फिटिंगच्या पृष्ठभागाशी सपाट यावा. अर्धवट असेल तर लाल पट्टा दिसावा. आणि ट्रॅकचं झाकण प्लंजर वर असताना बसूच नये. यातलं शेवटचं सर्वांत मोलाचं आहे, कारण ते माणसाच्या नजरेवर अवलंबून नाही. सरकवणं सोपं करायला सगळेच धडपडतात. अर्धवट बसवणं अशक्य करण्यात खरी कारागिरी आहे.

सिटा उड्डाणात खरंच सुटल्या आहेत का?

हो. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७५७ विमानांत आख्ख्या रांगा उड्डाणात मोकळ्या झाल्या. त्यातलं बोस्टनहून मायामीला निघालेलं एक विमान न्यूयॉर्कला उतरवावं लागलं. आधी संशय बसवण्यातल्या चुकीवर होता. नंतर कंपनीने सांगितलं की वर्षानुवर्षं सांडलेलं शीतपेय, कॉफी, रस यांचा चिकट थर आणि झीज यामुळे लॉक नीट बसत नव्हतं.

डिझायनरसाठी यात धडा सरळ आहे. प्लंजरच्या भोवती घाण साठेल अशी खोबण ठेवू नका. खाली पाणी निघून जायला वाट ठेवा. स्प्रिंगच्या जोरावर खाली जाणाऱ्या प्लंजरपेक्षा स्क्रूने खाली नेलेला प्लंजर चिकटपणाला कमी दाद देतो. त्याला बसवायला वेळ लागतो, तो लागू द्या.

ट्रॅकला गंज येतो म्हणजे ॲल्युमिनियमला गंज?

ॲल्युमिनियमचा गंज लाल नसतो. आधी पांढरी भुकटी दिसते, मग धातू पापुद्र्यांसारखा फुगतो, जुन्या भिंतीचा रंग सुटावा तसा. ओल आणि स्टेनलेसचा स्पर्श एकत्र आले की वेग वाढतो. म्हणून स्टड बसवताना देखभाल पुस्तकात सांगितलेलं गंजरोधक लावायचं, ट्रॅकचं झाकण कायम ठेवायचं आणि मांडणी बदलताना दरवेळी ओठांची जाडी मोजायची. साध्या ग्रीसने भागवू नका. ते धूळ धरतं आणि ओल कोंडतं.

सीट खडखडते. आवळून टाकू का?

आधी कुठे खडखडते ते शोधा. स्टडचं डोकं आणि ओठ यांच्यात बारीक खेळ असणं स्वाभाविक आहे, नाहीतर सीट सरकणारच नाही. तो खेळ स्टडला वर ओढणाऱ्या क्लॅम्प स्क्रूने काढतात. टॉर्कच्या वर आवळलं तर ओठ कायमचे वाकतात. मग पुढची सीट तिथे कधीच घट्ट बसणार नाही. योग्य टॉर्कला आवळूनही खेळ राहिला तर ओठ झिजले आहेत किंवा स्टड चुकीच्या मापाचा आहे.

पायलटची सीट वेगळी का?

कारण ती उड्डाणात सरकवायची असते. रुळावर ठरावीक अंतराने भोकं आणि स्प्रिंगने आत जाणारी पिन, अशी तिची साधी रचना. प्रशिक्षणाच्या छोट्या सेसना विमानांत भोकं झिजून आणि पिन अर्धवट बसून सीट उड्डाण घेताना मागे सरकण्याचे अपघात झाले. पायलट मागे जाताना हातातलं नियंत्रण धरून ठेवतो आणि विमानाचं नाक वर जातं. त्यानंतर एफएएने रूळ, भोकं आणि पिन यांची नियमित तपासणी सक्तीची केली.

मोटर लावलेल्या सीटचे प्रश्न निराळे. मार्च २०२४ मध्ये सिडनीहून ऑकलंडला जाणाऱ्या लाटामच्या बोइंग ७८७ ने अचानक खाली झेप घेतली आणि अनेक प्रवासी जखमी झाले. कॅप्टनची सीट आपोआप पुढे सरकली होती, आणि पाठीमागच्या स्विचकडे लक्ष वेधलं गेलं. स्विच असा लावा की कुणाचा हात, कोपर किंवा जेवणाचा ट्रे लागला तरी सीट हलणार नाही.

आम्ही ट्रॅक्टरच्या आणि बसच्या सिटा बनवतो. या कामात येता येईल?

येता येईल, पण आख्खी सीट घेऊन एकदम नको. सुरुवात भागांपासून करा: फिटिंगची धडं, स्पेसर, कंस, नळीच्या आतल्या स्लीव्ह. हे भाग मंजुरी असलेल्या सीट उत्पादकाच्या ड्रॉइंगवर, त्याच्या पुरवठादार म्हणून करता येतात. त्यासाठी विमान उद्योगाची एएस ९१०० ही गुणवत्ता व्यवस्था लागते. हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, अॅनोडायझिंग बाहेर देत असाल तर त्या प्रक्रियांना नॅडकॅप या विमान उद्योगातल्या कार्यक्रमाची मान्यता विचारली जाते.

स्वतःची सीट बाजारात आणायची तर ती एएस ८०४९ मानकाप्रमाणे असावी लागते, आणि टीएसओ-सी१२७ (एफएएची सीटसाठीची मंजुरी) किंवा त्यासारखी मंजुरी लागते. भारतात हे काम विमान वाहतूक नियामक डीजीसीएच्या सीएआर-२१ या नियमाखाली चालतं. आणि सीटला मंजुरी मिळाली म्हणजे विमानात बसवायला परवानगी मिळाली असं नाही. त्या विमानातल्या त्या मांडणीला वेगळी मंजुरी लागते.

फिटिंगवर वेल्डिंग करून दुरुस्ती चालेल का?

नाही. ७०७५ वेल्डिंगला तडकतं आणि आसपासचा टेम्पर जातो. वाकलेला स्टड सरळ करून वापरणंही नाही. काढला की कापून टाका, म्हणजे परत डब्यात जाणार नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला काय करता येईल?

१६ जीच्या चाचणीच्या मागे लागू नका. ट्रॅकचा अर्धा मीटर तुकडा माइल्ड स्टीलमध्ये किंवा ६०६१ ॲल्युमिनियममध्ये मशीन करा, २५.४ मिमी अंतराने. दोन प्रकारचे पाय बनवा, एक ताठ आणि एक आडव्या दिशेने पातळ. ट्रॅकखाली १० अंशांची पाचर देऊन तो पिळा आणि दोन्ही पायांच्या तळाशी स्ट्रेन गेज लावून वाचन घ्या. मग मागचा पाय हायड्रॉलिक जॅकने वर ओढा, लोड सेलसह, हळूहळू, समोर जाड पॉलिकार्बोनेटचा पडदा ठेवून. तुटलेला स्टड गोळीसारखा उडतो.

स्टड कुठे तुटला, ओठ कुठल्या बाजूने उघडला, पातळ पाय किती वाकला, याचे फोटो आणि मापं अहवालात द्या. सिम्युलेशनचे रंगीत नकाशे त्यानंतर लावा, आधी नाही.